झाडून टाकलेली शाळा

मावशी सकाळी सहाच्या ठोक्याला शाळेत हजर व्हायची, आणि आली की आधी झाडू हातात, मग बाकीचं जग. सव्वीस वर्षांत यात खंड पडला तो दोनदाच, एकदा स्वतःच्या काविळीत आणि एकदा लेकीच्या तापात. झाडायची तिची एक पद्धत होती. ती उलट्या पावली झाडायची, मागे मागे सरकत, म्हणजे झाडलेल्या जागेवर तिच्या स्वतःच्या पावलांचा ठसासुद्धा राहत नसे. आणि जमिनीवर पांढरं काही दिसलं की तिचा हात आपोआप चालायचा. शाळेत पांढरं म्हणजे खडूची भुकटी, आणि खडूची भुकटी ही मावशीची सव्वीस वर्षांची वैरीण.

हे आधी सांगायचं कारण असं, की त्या सोमवारी मावशीने अख्खी शाळा झाडून टाकली, आणि तिने ती मुद्दाम झाडली असं आजही निम्मी वस्ती मानते. वस्तीचं काय, बोलायला तिला फक्त तोंड लागतं. खरं काय झालं ते असं.

जुनी शाळा तेव्हा पाडून झाली होती. छत गळकं, भिंती ओलसर, मागच्या दोन वर्गांत तर मुलं पंख्याखाली कमी आणि पंखा पडेल या भीतीखाली जास्त बसायची. सरकारी शाळा, त्यामुळे दुरुस्तीचे कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाता जाता पिवळे पडले. मग एकदाची नवी इमारत मंजूर झाली. जुन्या विटा खरवडून कुंपणाशी रचल्या गेल्या, वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये गेले, आणि नकाशा घेऊन आर्किटेक्ट बाई आल्या.

या बाई वयाने लहान, आवाजाने मऊ आणि कामाला चिवट होत्या. त्यांनी वस्तीची सभा घेऊन सगळं समजावून सांगितलं होतं. दिवसा शाळा, आणि संध्याकाळी तीच इमारत सगळ्यांची. वाचायची खोली, आठवड्यातून एकदा दवाखाना, आणि शाळा अर्धवट सुटलेल्या मोठ्या माणसांसाठी दहावीचा वर्ग. अंगणाखाली पावसाच्या पाण्याची टाकी, छपरावर उन्हापासून होणारी वीज, जुन्याच विटांच्या जाड भिंती म्हणजे उन्हाळ्यात आत गारवा, आणि हात धुतलेलं पाणी वाया न जाता गाळून मागच्या भाजीच्या वाफ्यांना. लोक ऐकत राहिले. शेवटी बाईंनी विचारलं, "अजून कुणाला काही सांगायचंय?"

मावशी तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभी होती. तिचं तोंड उघडलं. मग तिने ते मिटलं आणि रिकामे कप गोळा केले.

तिला जे सांगायचं होतं ते मुलींच्या शौचालयाबद्दल होतं. जुन्या शाळेत ते पार मागच्या कोपऱ्यात होतं, पडक्या भिंतीला लागून. भिंतीपलीकडून नको ती माणसं डोकावतात म्हणून एका जुन्या हेडसरांनी त्याला कुलूप घातलं आणि किल्ली दिली मावशीकडे. काळ्या दोऱ्यात ओवलेली ती किल्ली मावशीच्या कमरेला असायची. मुलीला जायचं असलं की तिने व्हरांड्यात मावशीपाशी यायचं, सगळ्यांदेखत किल्ली मागायची, सगळ्या मैदानातून मागे जायचं, आणि तशीच परत आणून द्यायची. येताना मुलं खाकरायची. काही मुली निर्लज्जपणे, म्हणजे खरं तर शूरपणे, किल्ली मागून न्यायच्या. बाकीच्या दिवसभर तोंड मिटून बसायच्या.

या बाकीच्यांत मावशीची स्वतःची लेक होती. तिला घरात बारकी म्हणत. आता ती एकतीस वर्षांची आहे, आईपेक्षा वीतभर उंच आहे, पण नाव तेच. आठवीत असताना बारकीने शाळेत पाणी पिणं सोडलं. सगळ्यांसमोर आईकडे किल्ली मागायची म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं होई. मग ताप आला, पोटात कळा आल्या. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी किती पितेस दिवसात?" बारकीने आईकडे पाहिलं. मावशीचा हात आपसूक कमरेकडे गेला. दीड महिना पोरगी अंथरुणावर होती, आणि उठली ती शाळेत परत गेलीच नाही. मावशी म्हणाली होती, "नसेल जायचं तर राहू दे. शिवण शीक." त्या वाक्याचा सल मावशीच्या मनातून कधी गेला नाही. बारकी तेव्हापासून एका शिंप्याच्या दुकानात काजं करते, अतिशय सुरेख काजं करते, आणि आईला त्याबद्दल एका शब्दानेही कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तर शनिवार-रविवार शाळेला सुट्टी होती, आणि त्या दोन दिवसांत इंजिनिअरने जमिनीवर नव्या शाळेची आखणी केली. हा इंजिनिअर ऊन असो, सावली असो, डोक्यावरचं पिवळं हेल्मेट काढत नसे, म्हणून मुलांनी त्याचं नाव हळद्या ठेवलं होतं. हळद्याने दोन गडी हाताशी घेऊन टेप लावला, कोपऱ्याकोपऱ्यावर खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या आणि दोरीखालून चुन्याची पांढरी फक्की मारली. मावशी पाणी द्यायला गेली की तो तिला कौतुकाने फिरवून दाखवायचा. "हा जिना, मावशी. ही वाचायची खोली. आणि हे सगळ्यात पुढे, फाटकाशी, हेडसरांचं ऑफिस."

हेडसर स्वतःही रविवारी येऊन गेले. हे हेडसर भला माणूस. जुन्या इमारतीत त्यांची खोली नेमकी गळक्या कोपऱ्यात होती, नऊ वर्षं त्यांनी डोक्यावर बादली टांगून सह्या केल्या. नकाशात त्यांना पुढची, मोठ्या खिडकीची खोली मिळाली होती. त्यांनी शेडमधून एक खुर्ची आणली, फक्कीच्या रेघांच्या आत ठेवली आणि पाच मिनिटं त्यावर बसून रस्त्याकडे बघत राहिले. कुणी पाहत नाहीये अशी त्यांची समजूत होती. मावशीने पाहिलं आणि तिला फार बरं वाटलं.

मग तिने हळद्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, "मुलींचं कुठाय?"

"ते काय, मागे. जुनी पाइपलाइन तिथेच आहे ना." त्याने मागच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तोच कोपरा.

मावशीने पाण्याचा रिकामा तांब्या उचलला. हळद्या घरी गेल्यावर मात्र तिने एक काम केलं. उद्या शाळा भरणार, पोरं धावणार, खुंटीला अडखळून कुणाचं नख निघालं तर? रेघा मारून झाल्या, आता खुंट्यांचं काय काम? असा विचार करून तिने एकूण एक खुंटी उपटली, दोऱ्या गुंडाळल्या, छान मोळी बांधली आणि विटांशेजारी ठेवून दिली. इथपर्यंत तिला आपण शहाणपणाच केला असं वाटत होतं.

सोमवारी सकाळी सहाला ती आली. रात्रभर वारं सुटलं होतं, मैदानभर पाचोळा. तिने झाडू उचलला. हात कामाला लागले आणि डोकं भांडायला लागलं. डोक्यातल्या डोक्यात तिने हळद्याला झापलं, आर्किटेक्ट बाईंना चार गोष्टी सुनावल्या, त्या जुन्या हेडसरांना तर असं धारेवर धरलं की विचारू नका. सगळ्यात जास्त ती स्वतःला बोलली. उलट्या पावली झाडत ती कुंपणापर्यंत आली, कंबर सरळ केली आणि समोर पाहिलं.

मैदान आरशासारखं स्वच्छ होतं.

तिने ढिगाकडे पाहिलं. पाचोळ्याच्या ढिगात पांढरी भुकटी मिसळली होती. जिना, वाचायची खोली, हेडसरांचं ऑफिस, सगळं त्या ढिगात.

आठ वाजता हळद्या आला. फाटकात थबकला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आपण चुकून दुसऱ्या शाळेत तर आलो नाही ना, म्हणून पाटी वाचली.

"मावशी," तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "शाळा कुठे गेली?"

"झाडली," मावशी म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

"आणि खुंट्या?"

मावशीने मोळी दाखवली. हळद्याने पहिल्यांदा डोक्यावरचं हेल्मेट काढलं. आत चांगले दाट केस होते, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. मग त्याचा तोल सुटला. "दोन दिवस! दोन दिवस उन्हात मरत होतो आम्ही! दहा वाजता जेसीबी येतोय, तोही फक्त आजच्या दिवसापुरता! आज परत गेला तर तीन आठवडे तोंड दाखवणार नाही! कुठे खणायचं मी त्याला सांगू, तुमच्या डोक्यावर?"

आरडाओरडा ऐकून हेडसर आले, बाया-माणसं गोळा झाली. तेवढ्यात आर्किटेक्ट बाईही पोचल्या. मावशी मान खाली घालून उभी होती. नोकरी गेलीच असं तिने धरून चाललं होतं. पण बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी मोळीकडे पाहिलं, मैदानाकडे पाहिलं, आणि त्यांना हसू आवरेना. हसू ओसरल्यावर म्हणाल्या, "मावशी, खुंट्या तुम्हीच काढल्यात ना? मग कुठून काढल्या ते आठवतं?"

मावशीने मान वर केली. न आठवायला काय झालं? सव्वीस वर्षं ज्या जमिनीवर वाकली, त्या जमिनीत परवा पडलेलं भोक तिला सापडणार नाही होय?

"मोळी सोडा," ती म्हणाली.

आणि मग मावशी मैदानात उतरली. चुन्याने बुजलेलं एकेक भोक तिने झाडूच्या दांड्याने टोकरून दाखवलं. एक गडी खुंटी ठोकायचा, दुसरा दोरी ताणायचा, आणि हळद्या टेप लावून खोट काढायला टपलेला. पहिल्या कोपऱ्यावर खोट निघाली दोन बोटं. दुसऱ्यावर तीही नाही. "हा जिना," मावशी त्यालाच सांगत होती, "इथून तुम्ही डावीकडे वळला होता. ही वाचायची खोली. दार या अंगाला." हळद्याचा पारा उतरत गेला. साडेनऊपर्यंत शाळा जमिनीवर परत उभी राहिली, एक कोपरा सोडून.

त्या मागच्या कोपऱ्याशी मावशी थांबली. फक्कीचं घमेलं आता तिच्याच हातात होतं.

"इथे काय?" बाईंनी विचारलं.

वाटलं असतं तर मावशी "आठवत नाही" म्हणू शकली असती. हवी तिथे रेघ मारून मोकळी झाली असती, हळद्याने टेप लावेपर्यंत कुणाला कळलंही नसतं. तिने तसं केलं नाही. तिने घमेलं खाली ठेवलं.

"इथे मुलींचं शौचालय आहे तुमच्या नकाशात," ती म्हणाली. "मला भोकं दिसतायत. पण मी इथे रेघ मारणार नाही."

कुणीतरी मागून म्हणालं, "आता हिचं काय नवीन?"

मावशीने तिकडे लक्ष दिलं नाही. ती बाईंकडे बघून बोलत राहिली. कुलूप, किल्ली, व्हरांडा, खाकरणारी मुलं, पाणी न पिणाऱ्या मुली. आवाज चढला नाही, रडली नाही, झाडल्यासारखं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळं सांगून टाकलं. "माझ्या लेकीची शाळा आठवीत सुटली ती यापायीच," ती म्हणाली. "किल्ली माझ्याच कमरेला होती, बाई. मी रोज घासून चकचकीत ठेवायची ते, आणि माझीच पोरगी तिथे जाऊ शकत नव्हती. आता संध्याकाळीही बायका येणार म्हणता तुम्ही. अंधारात मागे कोण जाणार? मला काढून टाका हवं तर. पण हे पुढे आणा."

आर्किटेक्ट बाईंनी नकाशा विटांवर पसरला. "हे मला सभेत कुणीच सांगितलं नाही," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांचं त्यांनाच काहीतरी आठवलं असावं. "तुम्ही चहा देत होतात," त्या म्हणाल्या. "तुम्हाला मी विचारलंच नाही."

हळद्याने घड्याळ पाहिलं. "बाई, पाइप? पुढे आणायचं तर पाइप वीस-पंचवीस फूट लांबेल."

"लांबू दे. उतार मिळतोय. प्रश्न जागेचा आहे." बाईंचं बोट नकाशावर फिरत फिरत पुढे गेलं, जिन्याशेजारी, शिक्षकांच्या खोलीला लागून, फाटकातून दिसेल अशा ठिकाणी. "या मापाची पुढे एकच खोली आहे," त्या म्हणाल्या.

ती हेडसरांची होती. मोठ्या खिडकीची.

सगळे हेडसरांकडे पाहायला लागले. मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कालची ती खुर्ची तिच्या डोळ्यांसमोर आली. तिला म्हणावंसं वाटलं की नको, दुसरं काही बघा. पण दुसरं काही नव्हतं.

हेडसरांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. "मागच्या कोपऱ्यात भाजीचे वाफे येणार ना?" त्यांनी विचारलं.

"हो सर. अगदी खिडकीखाली."

"मग झालं तर. रस्त्याकडे बघून मी काय करणार होतो? सह्या तिथेही होतात." मग ते मावशीकडे वळले. "गळणार नाही ना फक्त, एवढं यांना विचारा."

लोक हसले. मावशीला हसू आलं नाही. तिने घमेलं उचललं आणि पुढे जाऊन, सरांच्या खोलीच्या रेघांच्या आत, स्वतःच्या हाताने मुलींच्या शौचालयाची खूण केली. रेघ वाकडी आली. हळद्याने ती नीट केली नाही. दहाला जेसीबी आला.

त्या संध्याकाळी बारकी दिव्याखाली काजं करत बसली होती. मावशीने तिला सगळं सांगितलं. बारकीची सुई थांबली.

"सगळ्यांसमोर सांगितलंस?"

"सगळ्यांसमोर."

"माझं नाव घेऊन?"

"'माझी लेक' एवढंच म्हणाले."

बारकीने दोरा दातांनी तोडला. "सतरा वर्षं लागली तुला, आई."

"लागली," मावशी म्हणाली. "चूक माझीच होती, बारके."

बारकीने हातातला सदरा मांडीवर पसरला. मग म्हणाली, "तुला तरी तेव्हा कुणी विचारलं होतं?" आणि पुढचं काज घ्यायला लागली. मावशी चुलीकडे तोंड करून उभी राहिली, कारण डोळ्यांतलं पाणी लेकीला दिसू द्यायचं नव्हतं. हलकं वाटलं तिला, फार वर्षांनी.

इमारत उभी राहायला सव्वा वर्ष लागलं. त्या काळात हळद्या रोज सकाळी फाटकातून ओरडायचा, "मावशी, आज काय काय झाडलंत? माझा जिना आहे ना जागेवर?" दरवाजे बसवायची वेळ आली तेव्हा मात्र तो मुद्दाम तिला शोधत आला.

"मुलींच्या बाहेरच्या दाराला कुलूप कुठलं लावू, मावशी?"

"कुलूप नको. आत प्रत्येकीला कडी लावा. चांगली जाड, हाताला लागेल अशी."

त्याने तशीच लावली, आणि स्वतः दहादा उघडझाप करून पाहिली.

शाळा सुरू झाली. भिंती खरंच गार होत्या. पहिल्या मोठ्या पावसात अंगणाखालची टाकी भरल्याचा आवाज ऐकायला मुलं जमिनीला कान लावून आडवी पडली, आणि मावशीने कुणालाही उठवलं नाही. हेडसरांच्या खिडकीखाली वांगी लागली. आलेल्या-गेलेल्याला ते आधी वांगी दाखवतात, मग शाळा. मावशीला त्यांचे आभार मानायचे होते. तिने तीनदा मनाशी वाक्य जुळवलं आणि तिन्ही वेळा सरांसमोर "काही पाहिजे का सर?" एवढंच विचारून परत आली. आभार मानायची सवयच नव्हती, तिला तशी वेळच फारशी आली नव्हती. शेवटी तिने सकाळचा क्रम बदलला. सव्वीस वर्षं ती फाटकापासून सुरुवात करायची, आता ती आधी पार मागे जाते, सरांची खोली झाडते, खिडकी पुसते, आणि मग बाकीची शाळा. सरांना ते कळलंय की नाही, कोण जाणे.

मोठ्यांचा दहावीचा वर्ग सुरू झाला त्या दिवशी संध्याकाळी एकोणीस जण आले. एक रिक्षावाला, दोघी सासू-सून, बेकरीतला भट्टीवाला, आणि दुकानातून सरळ आलेली बारकी, बोटात अजून अंगुस्तान तसंच. आईशी ती त्याबद्दल काही बोलली नव्हती. नाव परस्पर घालून आली होती. मावशीने ते लांबून पाहिलं आणि व्हरांडा झाडायला घेतला, तो स्वच्छ होता तरी.

तासाभराने मधली सुट्टी झाली. लोक व्हरांड्यात आले, बोलायला लागले. बारकी दारात थोडी घुटमळली. मग गर्दीतून वाट काढत आईपाशी आली, अगदी जवळ उभी राहिली आणि तिचा हात नकळत पुढे झाला, तळवा वर.

"आई, किल्ली..." ती म्हणाली, आणि स्वतःच चमकून थांबली.

मावशीने तो पसरलेला हात पाहिला. आठवीतल्या पोरीचा हात. तिने तो आपल्या दोन्ही हातांत घेतला, मिटवला आणि जिन्याशेजारच्या निळ्या दाराकडे मान वळवली.

"किल्ली नाही गं बाई आता," ती म्हणाली. "नुसतं ढकल."

बारकी गेली. दार ढकललं. आत कडी लागल्याचा आवाज आला, चांगला जाड. थोड्या वेळाने ती बाहेर आली, व्हरांड्यातल्या नळाला ओंजळ लावून पोटभर पाणी प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि घंटा व्हायच्या आत जागेवर जाऊन बसली.